खाली निखारे, वर निखारे

कंपनीने अमेरिकेला पाठवलेल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. काचेचं चौकोनी भांडं, त्यात कडेने उसळून वर आलेला जांभळा रस, त्यावर तपकिरी भाजलेले पिठाचे गोळे आणि शेजारी वितळायला लागलेलं व्हॅनिला आइस्क्रीम. खाली लिहिलेलं असतं, 'होममेड बेरी कॉब्लर'. इकडे आपण तो बघतो आणि ठरवून टाकतो की हा काहीतरी फार साहेबी, फार नाजूक पदार्थ असणार. ओव्हन हवा, ब्लूबेरी हवी, ब्लॅकबेरी हवी... आणि सुपरमार्केटमध्ये ब्लूबेरीच्या इवल्याशा डबीची किंमत बघितली की विषय तिथेच संपतो.

गंमत अशी आहे की कॉब्लर जन्मालाच आला तो ओव्हन नव्हता म्हणून.

इंग्लंडातून अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांना सवय होती ती 'पाय'ची. खाली लाटलेली पातळ पारी, मध्ये फळं, वर पुन्हा पारी. त्यासाठी सगळीकडून सारखी धग देणारी विटांची भट्टी लागते, लाटायला सपाट जागा लागते आणि मुख्य म्हणजे निवांतपणा लागतो. जंगल तोडून वस्ती करणाऱ्या माणसाकडे यातलं काही नव्हतं. त्याच्याकडे होतं एक बिडाचं जाड भांडं. १७०७ साली अब्राहम डार्बी या इंग्रजाने वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि अशी भांडी स्वस्त झाली. अमेरिकेत या भांड्याला तीन पाय आणि काठ असलेलं सपाट झाकण आलं. पाय कशाला? तर खाली निखारे सारता यावेत म्हणून. आणि झाकणाला काठ कशाला? तर वर ठेवलेले निखारे घसरून पडू नयेत म्हणून! खालून धग, वरून धग. झाला ओव्हन.

अशा भांड्यात फळं घालायची, वरून पिठाचे ओबडधोबड गोळे टाकायचे आणि झाकण लावायचं. लाटणं नाही, कडा मुडपणं नाही. वरून बघितलं तर गोट्यांच्या फरसबंदीसारखं दिसतं. १८३९ साली छापलेल्या 'द केंटकी हाउसवाइफ' या पाकपुस्तकात लेटिस ब्रायन यांनी याची कृती दिली आहे. त्यांचा शेरा मोठा मजेशीर आहे. त्यांच्या मते पाहुण्यांपुढे ठेवायचा हा फॅशनेबल पाय नव्हे, पण घरच्यांसाठी थंड गोड दुधाबरोबर उत्तम. १८५९ मध्ये बार्टलेटच्या अमेरिकी शब्दांच्या कोशात 'कॉब्लर' दाखल झाला. तिथेही भांड्यात भाजलेला जाड पिठाचा पाय असाच अर्थ दिलाय. मधल्या काळात, १८५६ साली, हॉर्सफर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बेकिंग पावडरसाठी लागणाऱ्या आम्लाचं पेटंट घेतलं आणि वरचं जाड पीठ हलकं, फुगलेलं होऊ लागलं.

बैलगाड्यांचे तांडे पश्चिमेकडे निघाले तेव्हा हे भांडं त्यांच्याबरोबर गेलं. १८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइटने गुराख्यांसाठी चालतंफिरतं स्वयंपाकघर, म्हणजे 'चकवॅगन', तयार केलं. त्यातसुद्धा हेच भांडं होतं. फळं मिळतील ती. ब्लॅकबेरी तर कुंपणाच्या आणि शेताच्या कडेला माजणारी काटेरी झुडपं, कुणी लावलेली नाहीत आणि कुणाच्या मालकीचीही नाहीत. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जेवणात कॉब्लरला जे मानाचं पान आहे, त्याच्या मुळाशीही हेच आहे. फळ फुकटचं, भांडं एकच, आणि पोट भरेल इतकं पीठ.

आपल्या भाषेत सांगायचं तर पाय हे ओरिजनल डिझाइन आणि कॉब्लर हा वर्कअराउंड. आणि आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे की सगळ्यात जास्त वर्षं टिकतो तो वर्कअराउंडच.

आता जरा मागे वळा. खाली निखारे, वर निखारे हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना?

वाटणारच. कोकणातल्या आज्यांना विचारा की धोंडस कसं करायचं. काकडीचा कीस, रवा, गूळ, सगळं पातेल्यात घालायचं, मंद विस्तवावर ठेवायचं आणि झाकणावर निखारे ठेवायचे. सीकेपी आणि पाठारे प्रभूंच्या घरात भानोलं व्हायचं ते असंच. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली आलं, तेव्हा मराठी घरांत ओव्हन हा प्रकार जवळजवळ नव्हताच, पण भाजायची युक्ती होती. नंतर वाळू घातलेलं पातेलं आलं, मग ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं ते मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायचे. म्हणजे तंत्र आपल्याकडे होतं. मग फळ?

फळासाठी घोटीला यावं लागेल.

मुंबईहून नाशिकला निघालं की कसारा घाट चढायचा, इगतपुरी ओलांडायची, की दहाएक किलोमीटरवर घोटी. कळसूबाईला किंवा भंडारदऱ्याला जाणाऱ्यांना हे नाव पाठ असतं, कारण वळायचं ते इथूनच. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळणारा हा तालुका. त्यामुळे इथलं पीक भात. घोटीची बाजारपेठ तांदळाची, भाताच्या गिरण्यांची आणि मुरमुऱ्यांची. आणि एप्रिल-मे आला की आजूबाजूच्या डोंगरांवर पिकतात करवंदं.

करवंद म्हणजे आपली ब्लॅकबेरी म्हटलं तर वनस्पतिशास्त्रवाले रागावतील. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली, तर करवंद कण्हेरीच्या. पण राहणी बघा. तीच काटेरी जाळी, तोच काळाजांभळा रंग, तीच आंबटगोड चव, आणि तीच गोष्ट की कुणी लावलेलं नाही. फरक चिकाचा. ओठ चिकटतात ते आपल्याकडेच.

बरं, हे फळ काही कुणाच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याची नोंद केली. तिथे नाव आहे 'कारांदास'. दोनशे वर्षांनी, १७६७ मध्ये, लिनियसने शास्त्रीय नाव देताना तेच उचललं आणि 'कॅरिसा कारांदास' झालं. पुढे इंग्रज आले. जॉर्ज वॉटने भारतातल्या उपयोगी वस्तूंचा जो जाडजूड कोश १८८९ ते १८९३ या काळात काढला, त्यात करवंदाच्या लोणच्याबरोबर टार्ट, पुडिंग आणि जेली यांचाही उल्लेख आहे. म्हणजे साहेबाच्या खानसाम्याने करवंद पिठाबरोबर केव्हाच भाजून बघितलं होतं!

आणि साहेब घोटीपासून काही लांब नव्हता. १ जानेवारी १८६५ ला कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला रेल्वेमार्ग सुरू झाला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, त्यामुळे गाडीला जादा इंजिन जोडायचं आणि इगतपुरीत सोडायचं. या इंजिनांच्या निमित्ताने इगतपुरीत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन रेल्वेवाल्यांची मोठी वसाहत झाली. डोंगरावर फळ, खाली पावभट्टी, मैदा, लोणी, साखर, सगळं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत.

तरी करवंदाचा कॉब्लर या भागाचा पदार्थ का झाला नाही?

मला सापडलेलं उत्तर अगदी साधं आहे. फळ एका घरात होतं आणि पीठ दुसऱ्या घरात. करवंदं तोडणारे हात ठाकर, महादेव कोळी, कातकरी बायकामुलांचे. त्यांच्या घरी तांदूळ, नागली, वरई. गहू हे इथल्या पावसाचं पीकच नव्हे, मग मैदा, साखर आणि लोणी तर लांबच. शिवाय करवंदं पिकतात ती कधी? मे-जूनमध्ये. म्हणजे मागच्या वर्षीचं धान्य सरत आलेलं आणि नवीन पेरणी अजून व्हायचीय. अशा महिन्यात रानातून फुकट आलेली पाटी ही 'डेझर्ट' नसते, ती रोख रक्कम असते. केंटकीतल्या बाईने ब्लॅकबेरी तोडली आणि घरी भाजली. घोटीच्या डोंगरावरच्या बाईने करवंदं तोडली आणि विकली. तिला त्या पैशांतून मीठ-मिरची आणायची होती.

आणि विकायला रस्ता हवा. म्हणून या फळाचा खरा इतिहास पाककृतीत नाही, रस्त्यात आहे. थळ घाट ही फार जुनी वाट. सोपाऱ्याच्या बंदरातून माल चढायचा तो याच बाजूने. मग आग्रा रोड झाला, मग रेल्वे. कल्याणकडची वीज डीसी आणि इगतपुरीपुढची एसी असल्यामुळे कितीतरी वर्षं लांबच्या गाड्यांचं इंजिन इगतपुरीत बदलायचं. तेवढ्या थांब्यात वडापाव खपायचा आणि पानाच्या द्रोणातली करवंदंही. इंजिनियरांनी कुठे कोणता प्रवाह सोडायचा ते ठरवलं आणि त्यावर कुणाच्यातरी घरची चूल पेटली. डिझाइन डॉक्युमेंटमध्ये असला 'युजर' कधी लिहिलेला नसतो.

आता त्याच्या उलट. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. इगतपुरीजवळ डोंगराच्या पोटातून पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. तासभराचा घाट काही मिनिटांत संपतो. इंजिनियर म्हणून मला त्याचं कौतुकच आहे. पण अशा रस्त्यावर वाटेल तिथे थांबता येत नाही आणि कडेला पाटी घेऊन बसायला तर अजिबातच जागा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातला गौण मेवा गोळा करायचा आणि विकायचा हक्क कागदावर दिला. पण विकायचा तर समोर गाडी थांबायला हवी ना!

गेल्या मे महिन्यात जुन्या रस्त्याने गेलो तेव्हा घोटीच्या बाजारात एका मावशींकडून चार वाटे घेतले. एवढ्यांचं काय करणार म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पीठ घालून भाजणार. त्या हसल्या. "भाजायची? आन् मंग करवंद कुठं ऱ्हायलं त्यात?" प्रश्न बिनतोड होता. तरी केलं. कृती देतो.

अर्धा किलो पिकलेली करवंदं, त्यात मूठभर लालसर, अर्धीकच्ची असू द्या. त्यांत पेक्टिन जास्त, त्यामुळे रस आपोआप दाटतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. धुऊन, थोडं पाणी घालून दहा मिनिटं शिजवा आणि अर्धी पुरणयंत्रातून काढा म्हणजे बिया जातील. उरलेली चिरून बिया काढून घ्या. दोन्हींत दीडशे ग्रॅम गूळ आणि चिमूटभर मीठ. वरच्या थरासाठी पाऊण वाटी मैदा, पाव वाटी घोटीच्या तांदळाचं पीठ, दीड चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे साखर, चार चमचे थंड लोणी. बोटांनी चोळून रवाळ करा, मग बसेल तितकं दूध घालून सैलसर गोळा. मळायचं नाही. रस पातेल्यात ओता, वर गोळ्याचे तुकडे टाका. कुकरच्या तळाला जाड मीठ, त्यावर तिवई, रिंग आणि शिट्टी काढून ठेवलेली. आधी दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. कुकरमध्ये वरून रंग चढत नाही. चढवायचा असेल तर उपाय तोच, झाकणासारखी एक लोखंडी थाळी आणि तिच्यावर निखारे. गच्चीवर शेगडी असेल तर करून बघाच.

आइस्क्रीमऐवजी थंड गोड दूध घेतलं तरी चालतं. केंटकीचा दाखला आहेच.

मावशींचं म्हणणं चवीपुरतं खोटं ठरलं. करवंद त्यात होतं, चांगलं ओठ चिकटण्याइतकं होतं. पण ते यायला आधी कुणीतरी भर उन्हात काट्यांत हात घालावा लागतो, आणि मग आपल्याला कुठंतरी थांबावं लागतं. यंदा मे महिन्यात नाशिकला जाणार असाल तर एकदा जुन्या रस्त्याने जा. तासभर जास्त जाईल. घोटीला उतरा, आणि वाटा घेताना भाव करू नका.