लोखंडाच्या भट्टीत बगॅस का चालत नाही? कोळसा आणि कोकचं गणित समजून घ्या

मोहोळ तालुक्यात टाकळी सिकंदरला भीमा सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यांत उसाचा रस काढला की उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जाळतात. म्हणजे इंधन उसातूनच मिळतं. मग लोखंडाच्या भट्टीला कोळसाच का लागतो?

सोलापुरात किर्लोस्कर फेरस कंपनीची फाउंड्री आहे. तिथे ट्रॅक्टर आणि इतर वाहनांच्या इंजिनांचे सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड ओतले जातात. खनिजापासून कच्चं लोखंड काढणाऱ्या या कंपनीच्या झोतभट्ट्या मात्र कर्नाटकात, कोप्पळला आहेत. झोतभट्टीचं मुख्य इंधन म्हणजे कोक.

कोक म्हणजे काय?

ठरावीक प्रकारचा दगडी कोळसा हवा न देता साधारण १००० अंश सेल्सिअसला तापवला की त्यातले वायू आणि डांबर निघून जातं. मागे कडक, सच्छिद्र कोक राहतो. भट्टीत तो तीन कामं करतो:

१. जळून उष्णता देतो.
२. त्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो.
३. वरच्या खनिजाचा भार पेलतो, त्यामुळे खालून येणाऱ्या गरम हवेला वाट मिळते.

बगॅस पहिलं काम करेल, पण तिसरं त्याला जमणार नाही. भाराखाली त्याचा चुरा होईल आणि भट्टी गुदमरेल.

बचत कशी झाली?

१७०९ मध्ये इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड काढलं. १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स नीलसनने भट्टीत गार हवेऐवजी गरम हवा सोडण्याचं पेटंट घेतलं. तिथल्या क्लाइड कारखान्यात १८२९ साली एक टन लोखंडामागे ८ टन कोळसा लागायचा. १८३३ पर्यंत तो अडीच टनांच्या आत आला. त्यात कोकऐवजी थेट कोळसा वापरल्याचाही वाटा होता.

आज चांगल्या झोतभट्टीत टनामागे कोक आणि कोळसा मिळून साधारण ५०० किलो लागतो. त्यातला काही कोळसा पूड करून खालून फुंकतात, म्हणजे महागडा कोक वाचतो. हवा तापवायला भट्टीचाच वायू वापरतात.

छोट्या फाउंड्रीतही बचत होते. क्युपोला भट्टीत हवा एकाऐवजी दोन पातळ्यांवरून सोडली, तर कोक बराच कमी लागतो.

आपल्याला याचं काय?

भारतात कोळसा भरपूर आहे, पण त्यात राख जास्त. कोकसाठी लागणारा बहुतांश कोळसा ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून येतो. तिकडे भाव वाढला की इथे ओतकाम महागतं, आणि त्याचा भार शेवटी ट्रॅक्टर घेणाऱ्यावर येतो.

शिवाय खनिजातला ऑक्सिजन काढायला कार्बन लागतोच, त्यामुळे कितीही काटकसर केली तरी धूर शून्यावर येत नाही. म्हणूनच आता कार्बनऐवजी हायड्रोजन वापरण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत.