तेरडा : पावसाळी वेलभाज्यांच्या बांधावरील परागीभवनाचा सोबती

तेरडा (शास्त्रीय नाव इम्पॅशन्स बाल्समिना) ही कोकणात पावसाळ्यात आपोआप उगवणारी, एका हंगामात जीवनक्रम पूर्ण करणारी देशी वनस्पती आहे. रत्नागिरी जिल्ह्यात भाताच्या बांधावर, गडग्यालगत आणि आंबा-काजूच्या बागांच्या कडेने ती दिसते. भाद्रपदात अनेक घरांत तेरड्याचीच गौर आणली जाते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी आहे. झाडावर मात्र नवी फुले येत राहतात आणि ऑगस्टपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कीटकांना मकरंद मिळतो.

तणनाशकाची फवारणी, फुलोऱ्यातच होणारी बांधाची कापणी आणि गौरीसाठी मुळासकट उपटलेली झाडे यांमुळे बी पडण्याआधीच तेरडा संपतो. असे सलग काही वर्षे घडले, तर त्या बांधावर तो पुन्हा उगवत नाही.

वेलभाज्यांना उपयोग

काकडी, कारली, लाल भोपळा या वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. पराग कीटकांनी वाहून नेले नाहीत, तर कोवळी फळे पिवळी पडून गळतात किंवा वेडीवाकडी होतात. मुसळधार पावसात मधमाश्यांना बाहेर पडता येत नाही, खाद्यही कमी मिळते. सातेरी मधमाश्यांच्या पेट्यांना या काळात साखरेचा पाक द्यावा लागतो तो यामुळेच. मांडवाजवळ फुललेला तेरडा असल्यास उघडीप मिळताच मधमाश्या, एकट्या राहणाऱ्या माश्या व फुलपाखरे तेथे येतात आणि शेजारच्या वेलांवरही फिरतात.

दोडक्याची फुले सायंकाळी आणि पडवळाची रात्री उमलतात. त्यामुळे या पिकांसाठी पतंगही महत्त्वाचे आहेत. आंब्याचा मोहोर हिवाळ्यात येतो. तोवर तेरडा वाळलेला असतो, म्हणून आंब्याच्या परागीभवनासाठी त्यावर अवलंबून राहू नये.

जागा व जमीन

- निचरा होणारी जांभ्याची जमीन चालते. पाणी साचल्यास खोड कुजते.
- अर्धवट सावलीतही वाढ होते. भर सावलीत फुले कमी येतात.
- मांडवाच्या कडेने सुमारे एक मीटर रुंदीचा पट्टा ठेवावा. भाताच्या खाचरात लावू नये.
- वेगळे खत देण्याची गरज नाही. जास्त नत्राने पालाच वाढतो.

बी गोळा करणे

पिकलेले बोंड हात लागताच फुटते आणि बी दूर उडते. त्यामुळे फुगलेली, हिरवा रंग फिकट होऊ लागलेली बोंडे निवडावीत. बोंडाभोवती कागदी पिशवी धरून मगच ते तोडावे. बी सावलीत वाळवून कागदी पुडीत कोरड्या जागी ठेवावे.

बी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या बांधावरूनच घ्यावे. सड्यावरून रोपे किंवा बी आणू नये, कारण तेथे तेरड्याच्या कुळातील दुर्मीळ जातीही असतात. दुकानातील दुहेरी पाकळ्यांच्या फुलांमध्ये कीटकांना मकरंद व परागापर्यंत पोहोचणे अवघड जाते, म्हणून एकेरी फुलांचा रानतेरडाच लावावा.

पेरणी व निगा

1. जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर जमीन ओली झाल्यावर पेरावे.
2. बी बारीक असल्याने कोरड्या वाळूत मिसळून फोकावे व मातीचा अगदी पातळ थर द्यावा.
3. उगवण साधारण एक ते दोन आठवड्यांत होते. दाट रोपे विरळ करून दोन रोपांत 25 ते 30 सें.मी. अंतर ठेवावे.
4. रोपे लहान असताना एकदा गवत काढावे. नंतर तेरडा स्वतःच जागा धरतो.

कीड व फवारणी

पानांवर कधी गडद अंगाची, रंगीत ठिपके व शेपटीशी शिंग असलेली मोठी अळी दिसते. ही पतंगाची अळी असून ती थोडी पाने खाते. तिच्यासाठी फवारणी करू नये. भाजीपाल्यावर कीटकनाशक वापरणे अटळ असल्यास फुलांवर कीटकांची वर्दळ थांबल्यानंतर, वारा नसताना फवारावे आणि तेरड्याचा पट्टा वगळावा. दोडका व पडवळाची फुले सायंकाळनंतर उमलतात, हे लक्षात घेऊन त्या वेलांवरील वेळ ठरवावी.

पुढील वर्षासाठी

- गौरीसाठी झाडे घेताना पट्ट्याचा निम्मा भाग तरी बियांसाठी राखावा.
- बांधाचे गवत बोंडे फुटून गेल्यावर, साधारण ऑक्टोबरअखेरीस कापावे.
- पट्ट्यात तणनाशक वापरू नये. बांधाचा थोडा भाग न खणता मोकळा ठेवावा. एकट्या राहणाऱ्या अनेक माश्या मातीत बीळ करून अंडी घालतात.

एकदा बी जमिनीत पडले की पुढच्या जूनमध्ये रोपे आपोआप येतात. विस्तार कार्यकर्त्यांनी गावात एका मांडवालगत असा पट्टा राखून, उघडीप असताना सकाळी दहा मिनिटे वेलाच्या फुलांवर येणाऱ्या माश्या मोजाव्यात. पट्टा नसलेल्या मांडवाशी त्या आकड्यांची तुलना करून ती शेतकऱ्यांसमोर ठेवावी.