जी.आर.ई. परीक्षेचा उगम व बदलते प्रयोजन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पदव्युत्तर प्रवेशाची प्रमाणित परीक्षा म्हणजे अर्जदारांना गाळणारी चाळणी, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन’ अर्थात जी.आर.ई.चा उगम मात्र निराळ्या हेतूतून झाला. विद्यार्थ्याने किती अभ्यासक्रम पूर्ण केले यावरून त्याचे ज्ञान मोजणे विल्यम लर्नेड यांना अमान्य होते. कार्नेगी प्रतिष्ठानच्या वतीने त्यांनी व बेन वुड यांनी १९२८ पासून पेनसिल्व्हेनियातील विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष ज्ञानाची तपासणी केली. पदवीच्या उंबरठ्यावरील काही विद्यार्थी शालेय विद्यार्थ्यांच्याही मागे असल्याचे तीत आढळले. महाविद्यालयांना हा निष्कर्ष रुचण्याजोगा खचितच नव्हता.

याच विचारधारेतून ऑक्टोबर १९३७ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या विद्यापीठांत ही परीक्षा प्रथम घेण्यात आली. परीक्षार्थी प्रवेशेच्छू नव्हते, तर पदव्युत्तर वर्गात आधीच दाखल झालेले होते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. प्रश्न गणित, पदार्थविज्ञान, साहित्य, ललितकला अशा शिकलेल्या विषयांवर होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४४ च्या कायद्यान्वये माजी सैनिकांचा शिक्षणखर्च सरकारने उचलला आणि विद्यापीठांकडे अर्जांची रीघ लागली. १९४७ मध्ये ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था स्थापन होऊन पुढील वर्षी परीक्षा तिच्याकडे गेली. १९४९ मध्ये भाषिक व संख्यात्मक अभियोग्यतेची चाचणी आली. विषयवार परीक्षा चालू राहिल्या. तथापि काय शिकले यापेक्षा काय शिकू शकेल या प्रश्नाला महत्त्व आले. २००२ मधील लेखनविभाग किंवा २०११ मधील नवी गुणश्रेणी हे बदल त्यामानाने किरकोळच होत.

परदेशी विद्यार्थ्यास या परीक्षेचा एक लाभ निश्चित झाला. महाराष्ट्रातील विद्यापीठात साठ टक्क्यांस प्रथम श्रेणी मिळते, हे अमेरिकन प्राध्यापकास ठाऊक असेलच असे नाही. तेथे सामाईक गुणांक उपयोगी पडे. अर्थात इंग्रजीची अट व डॉलरमधील शुल्क ही त्याची किंमत होती.

२०१८ च्या सुमारास जीवशास्त्राच्या अनेक विभागांनी ही परीक्षा वगळली आणि २०२० च्या महासाथीनंतर इतर विभागांनीही तोच मार्ग धरला. गुणांत क्षमतेइतकीच आर्थिक परिस्थितीही उमटते, हा त्यांचा आक्षेप निराधार नाही. परंतु परीक्षा गेल्यावर निवड समितीपुढे शिफारसपत्रे आणि महाविद्यालयाचे नाव उरते, व अपरिचित महाविद्यालयातील विद्यार्थ्याची अडचण नेमकी तेथेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षेचा अवधी सुमारे पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आणण्यात आला.