बिघाडाचं नाव मिरवणारं जनुक

नवं चालायला लागलेलं मूल डुगडुगतंच. पण काही मुलांची ही डुगडुग वर्षागणिक वाढत जाते. घास तोंडाशी नेताना हात चुकतो, बोलणं जड होतं आणि दहाव्या वर्षाच्या आसपास चाकाची खुर्ची येते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर लाल रेषांचं जाळं दिसतं. डोळे आलेत असं वाटतं, थेंब घातले जातात, पण लाली जात नाही.

१९२६ मध्ये प्रागच्या सिलाबा आणि हेनर यांनी तीन भावंडांत हे पाहिलं, १९४१ मध्ये बेल्जियमच्या डेनिस लुई-बार यांनी नऊ वर्षांच्या एका मुलात. नाव दिलं ते लॉस एंजेलिसच्या एलेना बोडर आणि रॉबर्ट सेजविक यांनी, १९५७ च्या सुमारास: अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया. शब्द मूळचे ग्रीक. पहिला म्हणजे घडी विस्कटणं, दुसरा म्हणजे टोकाच्या रक्तवाहिन्या फुगणं. डोळ्यांना जे दिसलं तेच नावात आलं.

आतलं कारण फार क्लेशाच्या वाटेने कळलं. या मुलांना कर्करोगही लवकर गाठतो. साठच्या दशकात अशा काही मुलांना नेहमीच्याच मात्रेत किरणोपचार दिले गेले. इतर रुग्ण सोसतात तेवढ्यानेच ती होरपळली, काही दगावली. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये माल्कम टेलर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्यांच्या पेशींनाही किरणं सोसत नाहीत. किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, आणि तिथेच या पेशी हरत होत्या.

१९८८ मध्ये रिचर्ड गॅटी यांच्या गटाने यामागच्या जनुकाचा अकराव्या गुणसूत्रापर्यंत माग काढला. १९९५ मध्ये तेल अवीवच्या योसेफ शिलो यांच्या गटाला जनुक सापडलं. त्याला नाव मिळालं एटीएम. यातले ‘ए’ आणि ‘टी’ रोगाच्या नावातले, आणि ‘एम’ म्हणजे म्युटेटेड, बिघडलेलं. मला हे नाव अन्यायाचं वाटतं. धडधाकट असताना हेच जनुक ३०५६ अमिनो आम्लांचं प्रथिन घडवतं. धागे तुटताच ते प्रथिन इतर प्रथिनांवर फॉस्फेटची खूण लावतं, पेशीचं विभाजन थोपवतं आणि दुरुस्ती सुरू करवतं. ते नसलं की तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी झडत जातात. नेमक्या त्याच का, यावर अजून वाद आहे.

रोग मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. म्हणून एवढंच सांगणं: मुलाची डुगडुग वाढत असेल आणि डोळ्यांतली लाली हटत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि सीटी स्कॅनमध्येही किरणंच असतात, म्हणून तो काढण्याआधी या रोगाचं नाव त्यांच्यापुढे काढा.