बुडालेल्या गावाचं तबक

जुन्नर-आंबेगावच्या इतिहासावर बोलायचं म्हणजे नाणेघाट, लेण्याद्री, शिवनेरी ही नावं यायचीच. आज मी त्यांना बाजूला ठेवणार आहे. आज बोलायचं आहे एका जपानी तबकाविषयी, ज्यात तिकडे पाहुण्याला चहा देतात. त्याचा आपल्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध पाण्याचा आहे.

जपानच्या इशिकावा प्रांतात, डोंगरात, वागातानी नावाचं गाव होतं. तिथले लोक चेस्टनटचं लाकूड चिरफाळून छपराच्या फळ्या करत. बर्फाच्या दिवसांत, हाती काम नसताना, उरलेल्या लाकडातून घरापुरती तबकं कोरत. एकच फळी, जोड नाही, खिळा नाही. गोल पटाशीनं आतला भाग काढायचा. पटाशीच्या रेघा शेजारी शेजारी उमटतात, त्या घासून टाकायच्या नाहीत, तशाच ठेवायच्या. या तबकाला गावावरूनच ‘वागाता-बोन’ म्हणतात. बोन म्हणजे तबक. त्यावर कुणाची सही नसे.

पुढे दाइशोजी नदीवर धरण झालं. ते 1965 साली पूर्ण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं.

आता आपल्याकडे या. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाचही या दोन तालुक्यांत. घोड नदीवरच्या डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव त्या गावाचं, कचेरी घोडेगावला आणि गाव पाण्यात! त्या पाण्यावर खाली ऊस, भाजीपाला उभा राहिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वरच्या खोऱ्यातल्या महादेव कोळी कुटुंबांची भातखाचरं गेली, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे वागाता-बोनला जवळची वस्तू कोणती? काठवट. भाकरीचं पीठ मळायची, एकाच लाकडातून कोरलेली. वाकसानं तासायची, पटाशीनं पोखरायची. तिच्यावरही सही नाही. बलुतेदारीत सुताराला कामाचा मोबदला धान्यात मिळे. नाव घालायची पद्धतच नव्हती. मग परात आली, आधी पितळेची, नंतर स्टीलची, आणि काठवट माळ्यावर गेली.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, कुठलीही वस्तू समजायची तर चार गोष्टी विचारा: ती कशाची आहे, तिचा आकार काय, ती कुणी केली आणि कशासाठी केली. वागाता-बोनला हे प्रश्न विचारून बघा. क्योतोचे लाकूडकाम करणारे कुरोदा तात्सुआकी यांनी जुनी तबकं पाहिली आणि तशी स्वतः कोरली. 1970 साली जपान सरकारनं त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. आज इतरही कारागीर ती करतात. म्हणजे लाकूड दुसऱ्या रानातलं, हात दुसऱ्या गावाचे. घरच्या रोजच्या वापराचं तबक आता हौसेनं चहासाठी विकत घेतात. चारातली तीन उत्तरं बदलली, उरला आकार. तरी त्याला वागाताच का म्हणायचं?

माझं उत्तर असं. नुसता आकार तर यंत्रही काढील. टिकली ती करण्याची रीत: लाकूड करवतीनं न कापता चिरफाळायचं, रेघ पुसायची नाही. रीत हातातून हातात जाते. आधीचे हात थांबले, तरी वस्तू नीट वाचणारा कुणी भेटला तर ती पुन्हा सापडते. पण त्यासाठी वस्तू शिल्लक लागते आणि वाचणारा वेळेवर यावा लागतो.

आपली गावं उठली तेव्हा पंचनामे झाले. जमीन मोजली, घरं मोजली, झाडं मोजली. काठवट कोण करतं, कुठल्या झाडाची, ओलं लाकूड घेतात की वाळलेलं, हा रकाना पंचनाम्यात नसतो. नुकसानभरपाई वस्तूची देता येते, रीतीची देता येत नाही.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या तरुण मंडळींना माझी एक विनंती आहे. माळ्यावरची काठवट खाली काढा. तिच्यावरचे वाकसाचे घाव बघा. ती कुणी केली, हे आजीला विचारा आणि लिहून ठेवा: नाव, गाव, झाड. शिलालेख वाचायला तज्ज्ञ लागतो. हे वाचायला आजी पुरे.