जठरातले भूमिगत जंतू

कामगाराच्या पोटात व्रण झाला की दोष कामगाराच्याच पदरी टाकावयाचा, ही रीत आम्ही पुष्कळ वर्षे पाहिली. तिखट खातो, वेळेवर जेवत नाही, उगाच काळजी करीत बसतो, ही कारणांची यादी आम्हांला तोंडपाठ आहे. रात्रपाळीच्या सोबत्यांना आम्हीही हाच उपदेश केला. तो उपदेश किती अपुरा होता हे इतिहासाने दाखविले आहे.

आम्लावाचून व्रण नाही, हा सिद्धान्त कार्ल श्वार्त्स यांनी १९१० साली मांडला. एवढ्या प्रखर आम्लात जंतू तग धरणार नाहीत, अशी विद्वानांची खात्री होती. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना सूक्ष्मदर्शकातून जठराच्या अस्तरावर वाकडे जंतू दिसले. १९८१ साली बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू बशीत वाढेनात. कारण बशा दोन दिवसांतच टाकून देत. १९८२ साली ईस्टरच्या सुटीमुळे काही बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढले! १९८४ साली मार्शल स्वतः ते जंतू प्याले. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला दाह झाला. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

हा जंतू युरिएज नावाच्या विकराने अमोनिया निर्माण करतो आणि आपल्याभोवतीचे आम्ल मारतो. परंतु त्याचे सारे बळ एवढ्यातच नाही. बहुतेक जंतू अस्तरावरच्या श्लेष्मात राहतात. काही मात्र थेट पेशीच्या आत शिरतात. आत शिरलेल्या परक्याला पिशवीत कोंडावयाचे आणि लायसोसोममधील पाचक रसांनी विरघळवावयाचे, हा पेशीचा नेम. हा जंतू ‘व्हॅकए’ नावाचे विष सोडतो. लायसोसोममधून कॅल्शियम बाहेर सोडणारा मार्ग त्या विषाने बंद पडतो, पचनाचे काम अडते, पिशव्या फुगून मोठ्या पोकळ्या होतात आणि जंतू त्यांत सुखाने राहतो. टोरांटोच्या संशोधकांनी हे २०१९ साली दाखविले. तो मार्ग औषधाने पुन्हा उघडताच पेशींतले जंतू मेले आणि उंदरांच्या जठरातील जंतूही घटले. प्रतिजैविकांच्या माऱ्यातून काही जंतू वाचतात, त्याचे एक कारण हा आसरा असावा.

सगळेच व्रण या जंतूचे नव्हेत. वेदनाशामक गोळ्यांनीही ते होतात. या जंतूची लागण झालेल्या प्रत्येकाला व्रण होतो असेही नाही. परंतु ही लागण बहुधा बालपणी, घरातल्या घरात होते, आणि दाटीच्या वस्तीत अधिक होते. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने या जंतूला कर्करोगकारक ठरविले. म्हणजे ज्या दुखण्याला आम्ही सवयीचा दोष समजत होतो, त्याचे एक मूळ खोलीच्या लांबीरुंदीत आणि पाण्याच्या नळाशी होते!

दुखणे थांबले की गोळ्या सोडणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की दुखणे थांबले म्हणजे जंतू संपले असे नव्हे; उपचार शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावा. आणि ज्यांच्या हाती घरे व पाणी देणे आहे, त्यांनी कामगाराला तिखटाचा उपदेश करण्यापूर्वी त्याची खोली एकदा पाहून यावी.