वस्तीतली शाळा : या अभ्यासाकडे वळताना

शहरातल्या गरीब वस्तीत शाळा काढायची म्हटलं की चर्चा जागा आणि निधी यांवर येऊन अडते. दोन्ही लागतातच. पण या संग्रहात लिहिणारे, आणि त्यांत वास्तुरचनाकारांबरोबर बालवाडीच्या ताईही आहेत, आधी वस्तीचा दिवस समजून घेतात. नळाला पाणी किती वाजता येतं? आई कामावर कधी निघते? धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं? वस्तीतली शाळा टिकते की बंद पडते, हे माझ्या मते बरंचसं या उत्तरांवर ठरतं. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्या वाचकानेही इथे निःशंक यावं. असे प्रश्न विचारायला ती लागत नाही.

या कामाला आपल्याकडे जुना वारसा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात. स्वतःच्या इमारतीची वाट त्यांनी पाहिली नाही. १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवस मजुरीत जायचा. त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात त्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. नव्या अभ्यासकाने वाचनाची सुरुवात तिथून करावी. संस्थांचे अहवाल पटसंख्या सांगतात. शिकणारं मूल काय सांगतं हे त्यांत क्वचितच सापडतं. पुढे १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत. शिकवणारा कोणत्या घरातून येतो, हा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर आला होता.

मुंबईत हा प्रश्न शंभरेक वर्षांनी पुन्हा उभा राहिला. १९९०च्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने झोपडपट्ट्यांत बालवाड्या सुरू केल्या, त्या देवळात, मंडळाच्या खोलीत, कुणाच्या घरात; शिकवायला वस्तीतल्याच तरुणी. ‘डोअर स्टेप स्कूल’ने १९८८पासून शाळा मुलांच्या दारात नेली, पुढे चक्क बसमध्ये वर्ग भरवले. बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ची पाळणाघरं आणि वर्ग तर इमारत पूर्ण झाली की पुढच्या साइटवर जात. अशा प्रयोगांचं कौतुक पुष्कळ झालं आहे. त्यांतून मूल महापालिकेच्या शाळेत पोचलं का आणि तिथे टिकलं का, याचा पाठपुरावा मला जास्त मोलाचा वाटतो. त्या शाळांचं कामही सोपं नाही. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शिकवते.

नियमांची बाजू थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. नकाशावर ती असतेही. मध्ये रेल्वेचे रूळ किंवा हायवे असला तर सहा वर्षांचं मूल एकटं तिथे जाणार कसं? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत ठरावीक कुटुंबसंख्येमागे बालवाडीची जागा धरलेली असते. जागा मिळाल्यावर ताईचा पगार कोण देणार, यावर मात्र नियम काही सांगत नाहीत. (नकाशात खोली दाखवणं त्या मानाने स्वस्त पडतं.)

संग्रहातला शेवटचा विभाग स्थलांतरावर आहे, आणि तो अपुरा आहे. मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या हटल्या तेव्हा कुटुंबांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, वाशी नाक्याला घरं मिळाली. अशा वेळी जुन्या शाळेतला दाखला, नव्या ठिकाणचं माध्यम, अर्धवट राहिलेलं वर्ष यांचं काय होतं? घरांच्या वाटपाची यादी बनते, तशी शाळा बदलावी लागणाऱ्या मुलांची यादीही आधीच करता येईल. ती कोणी करावी, कोणत्या कार्यालयाने जपावी, यावर इथल्या तीन लेखांत तीन मतं आहेत. मी ती जुळवण्याचा खटाटोप केलेला नाही.